जपानमध्ये बेसबॉल टीम विकतात, जोडतात, हलवतात: २००४ चा राडा सोप्या भाषेत

हल्ली शोहेई ओहतानी आणि योशिनोबू यामामोतोच्या रील्स आपल्याकडेही फिरायला लागल्यात, आणि २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (अमेरिकन लीगच्या फायनलमध्ये) यामामोतो सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा तर क्रिकेट सोडून दुसरं काही न बघणारेही विचारायला लागले की हा अमेरिकेत यायच्या आधी कुठल्या टीमकडून खेळायचा. तर यामामोतो ओरिक्स बफेलोजचा, आणि ओहतानी निप्पॉन हॅम फायटर्सचा. मग पुढचा प्रश्न येतोच, ओरिक्स हे कुठलं शहर? ते शहर नाहीये, ती फायनान्स कंपनी आहे. निप्पॉन हॅम मांसाचे पदार्थ बनवते. याकुल्ट, जे आपल्याकडे छोट्या बाटल्यांत मिळतं, त्यांची टोकियोत टीम आहे. पेटीएम आणि ओलामध्ये पैसे घालणारी सॉफ्टबँक, तिची फुकुओकात टीम आहे.

आता यातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग म्हणजे ओरिक्स बफेलोज हे नाव दोन टीम एकमेकींत घालून तयार झालंय. २००४ साली हे झालं आणि त्यावरून जपानी बेसबॉलच्या सत्तर वर्षांत पहिल्यांदा खेळाडू संपावर गेले. आयपीएलच्या जमान्यात, टीम कोणाच्या मालकीची असते आणि त्या मालकीला मर्यादा असते का, हे समजून घ्यायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

आधी बेसिक: १२ टीम, २ लीग

जपानमध्ये १९३६ पासून प्रोफेशनल बेसबॉल लीग आहे. १९५० पासून तिचे दोन भाग झाले, सेंट्रल लीग आणि पॅसिफिक लीग. प्रत्येकात सहा टीम, दोघींतली एकेक टीम शेवटी एकमेकींशी खेळते त्याला जपान सिरीज म्हणतात. १९५८ पासून हा बाराचा आकडा ठरून गेलाय. त्याआधी मात्र टीम सर्रास जोडल्या जायच्या, १९५७ च्या सीझननंतर दाइएई फिल्म कंपनीची टीम आणि माइनिची वर्तमानपत्राची टीम एकत्र झाली ती शेवटची. म्हणजे २००४ मध्ये विलीनीकरणाची बातमी आली तेव्हा जवळजवळ अर्ध्या शतकात लोकांनी असलं काही बघितलेलं नव्हतं.

सगळ्यात ताकदवान टीम म्हणजे टोकियोची योमिउरी जायंट्स. मालक योमिउरी वर्तमानपत्र, ज्याचा खप तेव्हा रोज एक कोटीच्या आसपास होता, आणि निप्पॉन टीव्ही हे चॅनेलही त्याच गटातलं. पेपर त्यांचा, चॅनेल त्यांचं आणि सगळ्यात लोकप्रिय टीमही त्यांचीच, त्यामुळे मालकांच्या सभेत कोणाचा आवाज मोठा असणार हे वेगळं सांगायला नको.

रेल्वे कंपन्यांना बेसबॉलचं काय पडलेलं?

जुन्या काळी टीमचे मालक बघितले तर निम्म्या रेल्वे कंपन्या दिसतात. हानशिन, हानक्यू, नानकाई, किन्तेत्सू, निशितेत्सू, नंतर सेइबू. या खाजगी रेल्वे कंपन्या नुसत्या गाड्या चालवायच्या नाहीत, त्या मार्गावर घरं बांधून विकायच्या, शेवटच्या स्टेशनवर मोठं दुकान काढायच्या आणि मधे कुठेतरी स्टेडियम बांधायच्या, की रविवारी लोक तिकीट काढून मॅचला जातील. शिवाय टीमचं नाव रोज पेपरात छापून यायचं, म्हणजे कंपनीची जाहिरात.

आणि इथे एक टॅक्सची गोष्ट आहे जी माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. १९५४ मध्ये जपानच्या टॅक्स खात्याने परिपत्रक काढलं की टीमचा तोटा भरायला मूळ कंपनीने दिलेले पैसे जाहिरातीचा खर्च म्हणून दाखवता येतील. जाहिरातीचा खर्च म्हटला की नफ्यातून वजा, टॅक्स कमी. याने टीम जगल्या हे खरं, पण टीम चालवणाऱ्यांवर कमवायची सक्तीच उरली नाही. वर्षाच्या शेवटी जो खड्डा पडेल तो मूळ कंपनी भरणार, मग तिकिटं कशी खपतील, स्टेडियमवर खायला काय मिळतं, बायका-पोरं यायला लागतील का, याचा विचार कोण करणार? आणि मूळ कंपनीचे स्वतःचेच दिवस फिरले की टीम विकायला काढायची. निशितेत्सूने १९७२ मध्ये सोडली, ती टीम पुढे सेइबूने घेऊन १९७९ मध्ये टोकियोजवळ तोकोरोझावाला हलवली आणि फुकुओका शहर दहा वर्षं टीमशिवाय राहिलं. १९८८ मध्ये एकाच वर्षी नानकाईने दाइएई या सुपरमार्केट कंपनीला आणि हानक्यूने ओरिक्सला टीम विकली. फॅन्सना कोणी विचारलं नाही, कारण कागदावर तो जाहिरातीचा खर्च होता आणि जाहिरात बंद करताना कोणी परवानगी मागत नाही.

टीव्हीचे पैसे, म्हणजे खरी मेख

आयपीएलमध्ये टीव्हीचे हक्क बीसीसीआय एकत्र विकते आणि त्या पैशातून सगळ्या टीमना वाटा मिळतो. जपानमध्ये तसं नव्हतं आणि आजही नाहीये, ज्याच्या मैदानावर मॅच त्याचा टीव्हीचा हक्क. आता जायंट्सची मॅच म्हणजे देशभर टीव्हीवर, आणि अशा एका मॅचचे साधारण १० कोटी येन मिळायचे असं तेव्हा सगळीकडे छापून यायचं. सेंट्रल लीगमधल्या बाकीच्या पाच टीमच्या मैदानावर जायंट्स वर्षाला साधारण चौदा वेळा यायची. करा हिशोब. पॅसिफिक लीगच्या मैदानांवर जायंट्स लीगच्या मॅचसाठी यायचीच नाही, कारण दोन लीगमध्ये सीझनभर एकमेकांशी सामनेच नव्हते.

गावच्या जत्रेचा विचार करा. एका गल्लीत मोठा तमाशाचा फड लागलाय, सगळी गर्दी तिकडेच. त्या गल्लीतल्या भेळवाल्याचा, पाळणेवाल्याचा, सगळ्यांचा धंदा फडामुळे चालतो. पलीकडच्या गल्लीत तेवढेच स्टॉल, माल तसाच, कदाचित जास्त चांगला, पण तिकडे माणूस फिरकत नाही. सेंट्रल ही पहिली गल्ली आणि पॅसिफिक दुसरी. दुसऱ्या गल्लीतल्यांना कोणी म्हणालं की चला दोनतीन स्टॉल कमी करू आणि सगळे एकाच गल्लीत बसू, तर त्यांना ते आवडणारच ना. २००४ ची योजना नेमकी हीच होती, टीम १० करायच्या, लीग एकच ठेवायची, म्हणजे सगळ्यांना जायंट्सशी खेळायला मिळेल.

१३ जून २००४

त्या दिवशी बातमी फुटली की ओसाका किन्तेत्सू बफेलोज आणि कोबेची ओरिक्स ब्लूवेव्ह एक होणार. किन्तेत्सू रेल्वेवर मोठं कर्ज होतं आणि टीमचा तोटा वर्षाला ४०० कोटी येनच्या आसपास सांगितला जायचा. १९९७ पासून ती टीम ओसाका डोम या छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये खेळायची, तिथलं भाडं जबर, आणि त्याच भागात हानशिन टायगर्ससारखी जीव ओवाळून टाकणारे फॅन असलेली टीम. त्याच वर्षाच्या सुरुवातीला किन्तेत्सूने टीमचं नुसतं नाव दुसऱ्या कंपनीला भाड्याने द्यायचा प्लॅन मांडला होता, बाकीच्या मालकांनी विरोध केला म्हणून मागे घेतला. म्हणजे पैसे उभे करायची एक वाट मालकांनीच बंद केली हे लक्षात ठेवा.

या दोन्ही टीम ऐऱ्यागैऱ्या नव्हत्या हो. किन्तेत्सूने २००१ मध्ये लीग जिंकली ती बदली बॅटर कितागावाने शेवटच्या डावात, तीन रनने मागे असताना, तिन्ही बेसवर माणसं असताना होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका, इथे एकदम चार रन) मारून, त्याच फटक्यावर मॅचही आणि लीगही. आणि ओरिक्सचं कोबेशी नातं तर त्याहून खोल. जानेवारी १९९५ च्या भूकंपात सहा हजारांहून जास्त माणसं गेली, त्या वर्षी ओरिक्सचे खेळाडू बाहीवर ‘गानबारो कोबे’ (हिंमत धरू, कोबे) असं लावून खेळले, शहर सोडून दुसरीकडे मॅच घेतल्या नाहीत, पुढे अमेरिकेत गाजलेला बॅटर इचिरो तेव्हा तिथेच होता, आणि टीमने लीग जिंकली, पुढच्या वर्षी तर जायंट्सला हरवून जपान सिरीजसुद्धा. अशी टीम बॅलन्सशीटवरची ओळ म्हणून मिटवायची, ते लोकांना झेपलं नाही याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

विकत घ्यायला कोणीच नव्हतं का?

होतं की. ३० जूनला लिव्हडोर या इंटरनेट कंपनीचा ३१ वर्षांचा प्रमुख ताकाफुमी होरिए पुढे आला आणि म्हणाला मी किन्तेत्सूची टीम घेतो. टी-शर्ट घालून फिरणारा पोरगा, मालकांच्या सभेतल्या मंडळींना तो पसंत पडणं शक्यच नव्हतं, किन्तेत्सूने नकार दिला. ७ जुलैला मालकांच्या सभेत सेइबूचे मालक योशिआकी त्सुत्सुमी यांनी सांगितलं की पॅसिफिक लीगमध्ये अजून एका जोडणीची बोलणी चालू आहेत, म्हणजे दहा टीम, एक लीग हे उघडच झालं.

यावर खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष, याकुल्टचा चष्मेवाला कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) आत्सुया फुरुता म्हणाला की आम्हाला मालकांशी थेट बोलायचंय. जायंट्सचे मालक त्सुनेओ वातानाबे यांनी पत्रकारांसमोर उत्तर दिलं की उद्धटपणा करू नये, आपली पायरी ओळखावी, शेवटी नुसता खेळाडूच तो. ही वाक्यं टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवली गेली आणि तोपर्यंत ज्यांना कुठल्या टीमचं काय होतंय याच्याशी देणंघेणं नव्हतं ते लोकही खेळाडूंच्या बाजूने गेले. विलीनीकरणाविरुद्ध जवळपास १२ लाख सह्या जमल्या. ऑगस्टमध्ये वातानाबे यांनी मालकपद सोडलं, पण ते या कारणासाठी नाही, जायंट्सने एका कॉलेजच्या पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) नियम मोडून सुमारे २० लाख येन दिल्याचं बाहेर आलं म्हणून.

कोट्यवधी कमावणाऱ्या खेळाडूंना संपाचा काय हक्क?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. एक म्हणजे सगळे कोट्यवधी कमवत नाहीत, टीमच्या मुख्य यादीत ७० पर्यंत खेळाडू असतात आणि त्यातले कितीतरी राखीव टीममध्येच असतात. एक टीम गेली की ७० जागा कायमच्या जातात, शिवाय ट्रेनर, कोच, मैदानावरची माणसं वेगळी. दुसरं, १९८५ मध्येच टोकियोच्या कामगार आयोगाने या संघटनेला रीतसर कामगार युनियन म्हणून मान्यता दिलेली होती, मालकांनी तिला कधी गंभीरपणे घेतलं नाही एवढंच.

युनियन कोर्टात गेली, विलीनीकरण थांबवा म्हणून. कोर्टाने थांबवलं नाही, पण ८ सप्टेंबरला टोकियो हायकोर्टाने सांगितलं की या युनियनला मालकांशी सामूहिक बोलणी करायचा हक्क आहे. केस हरूनही युनियनच्या हातात खरं हत्यार आलं ते इथे. त्याच दिवशी मालकांनी विलीनीकरण मंजूर केलं. युनियनची मागणी मग फार साधी झाली, दोन टीमची एक करताय तर करा, पण २००५ मध्ये रिकामी जागा भरायला नवीन टीम येऊ द्या. पहिला संप पुढे ढकलला, बोलणी झाली, १७ सप्टेंबरला फिसकटली, आणि १८ व १९ सप्टेंबरला, शनिवार-रविवार, बारा मॅच झाल्या नाहीत. मॅच नव्हत्या तरी खेळाडू फॅन्सना भेटायला गेले, सह्या देत बसले. आदल्या रात्री फुरुताला एका टीव्ही कार्यक्रमात बोलता बोलता रडू आलं, माफी मागायचीय पण शब्द फुटत नाहीत असा चेहरा. मालकांना वाटत होतं लोक खेळाडूंवर चिडतील. उलटं झालं. २३ सप्टेंबरला मालकांनी मान्य केलं की पुढच्या सीझनला नवीन टीम घ्यायला पूर्ण प्रयत्न करू.

दार उघडलं म्हणजे नेमकं काय बदललं

आधी नवीन कंपनीला आत यायचं तर ६०० कोटी येन फी होती, परत न मिळणारी. म्हणजे दारावर एवढं मोठं कुलूप की कोणी ठोठावूच नये. ती काढून ३०० कोटी येन ठेवले, त्यातले २५० कोटी डिपॉझिट, दहा वर्षं टीम चालवली की परत. सगळ्या प्रकरणातला माझ्या मते हा सगळ्यात कामाचा बदल, बातम्यांत मात्र कमी आला.

होरिएने ईशान्येकडच्या सेंदाई शहरासाठी अर्ज केला, मागोमाग राकुतेन या दुसऱ्या इंटरनेट कंपनीनेही त्याच शहरासाठी केला, आणि २ नोव्हेंबरला मालकांनी राकुतेनला निवडलं. पन्नास वर्षांनी जपानी बेसबॉलला अगदी नवी कोरी टीम मिळाली. खेळाडूंची वाटणी झाली तेव्हा ओरिक्सने दोन्ही टीममधून आधी २५ जण राखून ठेवले, मग बाकीच्यांतून राकुतेनला घेता आले. किन्तेत्सूचा मुख्य पिचर हिसाशी इवाकुमा अडून बसला की मी ओरिक्समध्ये जाणार नाही, शेवटी त्याला राकुतेनला द्यावं लागलं. किन्तेत्सूचा शर्ट घातलेला शेवटचा खेळाडू, तोमोताका साकागुची, २०२२ मध्ये रिटायर झाला, तोपर्यंत त्या टीमचे फॅन त्याच्यावर नजर ठेवून होते.

राकुतेनने पहिली मॅच ३-१ ने जिंकली आणि दुसरी २६-० ने हरली. पूर्ण सीझनमध्ये ३८ जिंकल्या, ९७ हरल्या. आणि तरीही, हे नीट वाचा, पहिल्याच वर्षी टीमने थोडा का होईना नफा दाखवला. कसा? प्रांताच्या मालकीचं स्टेडियम स्वतःच्या खर्चाने सुधारलं आणि बदल्यात ते चालवायचा हक्क घेतला, म्हणजे खाणं-पिणं, जाहिरातीचे बोर्ड, सगळं उत्पन्न आपल्याकडे. किन्तेत्सू दुसऱ्याच्या डोमला भाडं भरत बसली होती, फरक तिथेच पडला.

पण होरिएला नंतर अटक झालीच ना, मग मालकांचं बरोबरच होतं?

हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. जानेवारी २००६ मध्ये होरिएला शेअर बाजारातल्या गैरव्यवहारात अटक झाली, शिक्षाही झाली, लिव्हडोर कोसळली. टीम त्यांच्याकडे गेली असती तर खरंच पंचाईत होती. पण मग हेही बघा की सेइबूचे त्सुत्सुमी, ज्यांनी दहा टीमची वाट दाखवली, त्यांनाही मार्च २००५ मध्ये शेअर्सच्या खोट्या नोंदींच्या प्रकरणात अटक झाली. दाइएई तर कर्जात इतकी बुडाली की २००५ च्या सुरुवातीला तिची फुकुओकाची टीम सॉफ्टबँककडे गेली. म्हणजे जुनी कंपनी म्हणजे भरवशाची आणि नवी म्हणजे उडाणटप्पू, हा निकष टिकत नाही. होरिएला नकार मिळाला तेव्हा त्याचे हिशोब तपासून मिळाला नव्हता, आणि राकुतेनच्या वेळी निदान दोन अर्ज समोर ठेवून उघड सुनावणी तरी झाली.

एक लीग केली असती तर सगळे वाचले नसते का?

आता जत्रेतल्या त्या फडाचं पुढे काय झालं ते सांगतो. पुढच्या काही वर्षांत जायंट्सच्या मॅच बघणारे कमी होत गेले आणि मोफत टीव्हीवर त्या रोज दाखवणं चॅनेलनी हळूहळू बंद केलं. ज्या १० कोटींच्या मागे सगळे धावत होते ते आटलेच. दहा टीमची लीग झाली असती तर एक-दोन शहरं टीमला मुकली असती आणि हातात आली असती ती ओसरती गर्दी.

त्याऐवजी झालं असं की २००५ पासून दोन लीगमध्ये सामने सुरू झाले, म्हणजे टीम न मारताही पॅसिफिकवाल्यांना जायंट्सशी खेळता आलं. २००७ मध्ये पॅसिफिक लीगच्या सहाही टीमनी मिळून एक कंपनी काढली आणि मॅच इंटरनेटवर दाखवायला लागल्या. ओरिक्सने ओसाका डोम ताब्यात घेतला, सॉफ्टबँकने फुकुओकाचा विकत घेतला. योकोहामाची टीम २०११ मध्ये डीएनए या मोबाइल गेम कंपनीने घेतली तेव्हा वर्षाला साधारण ११ लाख लोक मैदानावर यायचे, २०१६ मध्ये स्टेडियमही ताब्यात घेतलं, आणि २०१९ मध्ये आकडा २२ लाखांच्या वर गेला. २०१९ मध्ये बाराही टीम मिळून २.६५ कोटी प्रेक्षक. कमी पडत होते ते प्रेक्षक नव्हतेच, त्यांच्यापर्यंत जायची इच्छा कमी पडत होती.

राकुतेनने २०१३ मध्ये जायंट्सला सातव्या मॅचमध्ये, सेंदाईतच, हरवून जपान सिरीज जिंकली, त्या भागातल्या २०११ च्या त्सुनामीला तेव्हा अडीच वर्षं झाली होती. पिचर मासाहिरो तानाका त्या सीझनमध्ये २४ मॅच जिंकला आणि एकही हरला नाही. २००४ ची योजना पार पडली असती तर ईशान्य जपानला ही टीम मिळालीच नसती.

मग विलीनीकरण वाईटच का?

ओरिक्स बफेलोजने २०२१, २२ आणि २३ अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली, २०२२ मध्ये जपान सिरीजही, आणि यामामोतो त्याच टीममध्ये मोठा झाला. पण त्यासाठी विलीनीकरणानंतर सतराएक वर्षं थांबावं लागलं आणि कोबेच्या वाट्याला आता वर्षाकाठी मोजक्याच मॅच येतात, मुख्य घर ओसाका आहे. किन्तेत्सूचे जुने फॅन काही ओरिक्सकडे आले, काही सेंदाईकडे गेले, काहींनी बेसबॉल सोडलं. दोन टीमचे फॅन बेरीज करून एका टीमला मिळत नाहीत, हे मालकांच्या हिशोबात कुठे धरलेलं नसतं.

मालकांच्या सभेचा कारभार आजही तसाच आहे, टीम कोणी घ्यावी हे बाकीचे मालक ठरवतात, फॅन्सना तिथे जागा नाही, टीव्हीचे पैसे अजूनही जो तो आपापले घेतो. वेगळ्या वाटेने चालणारी हिरोशिमा कार्प आहे, तिच्यामागे मोठी मूळ कंपनी नाही, सुरुवातीच्या वर्षांत लोकांनी मैदानाबाहेर ठेवलेल्या पिंपात पैसे टाकून ती जगवली होती, आणि ती गेली कित्येक दशकं नफ्यात चालते. २०२४ पासून राखीव टीमच्या लीगमध्ये निइगाता आणि शिझुओकाच्या दोन नव्या टीम खेळायला लागल्यात, पण त्यांना वरच्या बारामध्ये यायची सोय सध्या नाही, ती करायची की नाही हे परत त्याच मालकांच्या हातात आहे.